गवत-झुडपांची आग : नागपूर शहराच्या कडेची

नागपूरच्या पश्चिम आणि वायव्य अंगाला शहर थेट रानाला भिडते. गोरेवाडा, सेमिनरी हिल्स, अंबाझरी ही वनक्षेत्रे, नाल्यांचे काठ आणि बांधकामाविना पडून असलेले भूखंड उन्हाळ्यात पेट घेतात. जंगल वनविभाग किंवा वनविकास महामंडळाच्या ताब्यात असते, शहरातली वर्दी मात्र महानगरपालिकेच्या अग्निशमन दलाकडे जाते. त्यामुळे अशी आग विझवायला दोन्हीकडची माणसे लागतात आणि दोघांच्या कामाची रीत वेगळी असते.

पावसाळ्यात माजलेली कुसळी आणि तिखाडी हिवाळ्यात वाळून उभीच राहते. तिच्यात रायमुनियाची (घाणेरीची) जाळी गुंतलेली असते आणि फेब्रुवारी-मार्चात सागाची पानगळ त्यावर थर चढवते. महाराष्ट्रात 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम धरतात. नागपूरचा पारा 23 मे 2013 रोजी 47.9 अंशांवर गेला होता; मात्र आग लागायला एवढ्या उष्म्याची गरज नसते, मार्चातली कोरडी दुपार आणि वारा पुरतो. ठिणगी बहुधा माणसाचीच असते : विडीचे थोटूक, पेटवलेला कचरा, शेताचे धुरे किंवा पऱ्हाट्या जाळताना सुटलेली आग. आसपासच्या जंगलांत मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही आग लावतात. राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार गुन्हा आहे. तरीही पाला झाडून गोळा करायला साधने आणि मजुरी दिली, तर नुसत्या धाकापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

खरी तयारी थंडीत होते. हद्दीवर, रस्त्यालगत आणि कंपार्टमेंटच्या (वनखंडाच्या) कडेने साधारण 3 ते 12 मीटर रुंदीचा पट्टा कापतात, गवत वाळू देतात आणि माणसांच्या पहाऱ्यात ते जाळून टाकतात. ही जाळरेषा. हे काम फेब्रुवारीच्या मध्याआधी उरकायला हवे. मार्चात पेटवलेली जाळरेषा हाताबाहेर गेली की तिचाच वणवा होतो. वस्तीच्या बाजूला कुंपणाच्या भिंतीलगतचे गवत कापणे, गच्चीवरचा पाला काढणे आणि बंब आत जाईल एवढी वाट मोकळी ठेवणे ही कामे रहिवाशांची आहेत आणि तीच सर्वांत जास्त राहून जातात.

शहरी फायरमनचे शिक्षण इमारतीच्या आगीभोवती रचलेले असते. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय 1956 मध्ये रामपूरला सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी नागपुरात आले. देशभरातले अग्निशमन अधिकारी इथे घडतात. होज, ब्रांच (होजच्या टोकाचे तोंड), पंप, शिडी, श्वसनयंत्र या साऱ्यांचा उपयोग रस्त्यावर पुरेपूर होतो. रानात मात्र बंब कडेलाच थांबतो. तिथून 15 किंवा 30 मीटरच्या होजला होज जोडत जावे लागते आणि टाकीतले काही हजार लिटर पाणी मोठ्या ब्रांचने मिनिटांत संपते. जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स भागातल्या वणव्यात उंचावरचे हायड्रंट कोरडे पडले, कारण शहराची जलवाहिनी असल्या आगीसाठी बांधलेलीच नसते. म्हणून पाणी बारीक फवाऱ्याने, जपून आणि घरांच्या बाजूला वापरायचे. अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा हे तलाव जवळ असल्याने पोर्टेबल पंपाने टाकी भरून घेण्याची सोय कामी येते. वरून वीजवाहिनी जात असेल, तर महावितरणकडून पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत तिच्याखाली फवारा मारत नाहीत.

आगीच्या तोंडासमोर उभे राहून लढत नाहीत. जळून गेलेल्या काळ्या जमिनीवरून, मागच्या टोकाकडून शिरतात आणि दोन्ही बगला आवळत पुढे सरकतात. चढावर आग झपाट्याने धावते, म्हणून उताराच्या वरच्या अंगाला माणूस ठेवत नाहीत. पुढचा गडी ब्लोअरचा (हवा फेकणाऱ्या यंत्राचा) झोत ज्वाळेच्या मुळाशी धरून पाला जळलेल्या बाजूला ढकलतो. मागचे दोघे-तिघे ओल्या डहाळ्यांनी झोडपतात. डहाळी उंच उगारली तर ठिणग्या उडून पाठीमागे नवी आग लागते. म्हणून ती खाली आणून क्षणभर दाबायची आणि आत, राखेकडे ओढायची. इमारतीच्या आगीसाठीचा जाड कोट या कामात घातक ठरतो. उन्हाचा आणि आगीचा ताप मिळून माणूस लवकर कोसळतो. अंगभर सुती कपडे, बूट, हेल्मेट आणि पिण्याचे पाणी हवे.

8 एप्रिल 2021 रोजी गोंदिया जिल्ह्यातील नागझिऱ्यात वणवा विझवताना तीन वनमजूर मृत्युमुखी पडले. रानात उतरणाऱ्या प्रत्येक तुकडीने परतीची वाट आधी ठरवावी आणि वाऱ्यावर नजर ठेवायला एक माणूस वेगळा नेमावा, असा आग्रह धरायला हवा.

भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांवरून आगीचे इशारे मोबाईलवर पाठवते. मात्र तासाभरात उरकणारी गवताची आग उपग्रहाच्या दोन फेऱ्यांमध्ये निसटू शकते. शहरालगत धूर आधी माणसालाच दिसतो. अग्निशमन दलाचा क्रमांक 101, वनविभागाचा 1926. ज्वाळा बसल्यावरही काम उरतेच : धुमसते बुंधे फोडणे, पोकळ खोडात पाणी ओतणे, कडेची राख हाताने चाचपणे आणि दुसऱ्या दिवशी दुपारचा वारा सुटण्याआधी पुन्हा फेरी मारणे.