बैठकीपासून कोचापर्यंत

क्रीडेचा इतिहास लिहिताना आपले ग्रंथकार मैदाने, खेळाडू आणि धावसंख्या यांचा हिशेब चोख ठेवतात; परंतु घरी बसून त्या खेळाचा आस्वाद घेणारा गृहस्थ कोणत्या आसनावर आणि किती वेळ बसला, याची नोंद सहसा कोणत्या दप्तरात सापडत नाही. ही उपेक्षा अनाठायी होय. कारण मराठी मध्यमवर्गाच्या कंबरदुखीचा मागोवा घेऊ लागले, तर तो माग कचेरीइतकाच दिवाणखान्याकडेही जातो.

जुन्या वाड्याच्या सदरेवर बिछायत असे : खाली गादी, पाठीशी लोड, कोपराखाली तक्क्या. या बैठकीचे गोडवे आज पुष्कळ गाइले जातात. पण उभ्या गुडघ्यावर कागद टेकवून दिवसभर वाकून लिहिणाऱ्या कारकुनाची पाठ त्याच बैठकीवर आंबत असली पाहिजे, हे त्या स्तुतिपाठकांनी विसरू नये. तिचा खरा गुण तिच्या गैरसोयीत होता. एका पायाला मुंग्या आल्या की मांडी मोडून दुसरी घालावी लागे, अंगाचा भार या कुशीवरून त्या कुशीवर न्यावा लागे, आणि उठायचे म्हणजे कंबर, मांड्या व गुडघे या सर्वांना एकदम कामाला जुंपावे लागे.

1930 नंतरच्या दशकात बॉबी तल्यारखान यांचे इंग्रजी समालोचन रेडिओवरून घरोघरी पोहोचले, आणि चौरंगी व पुढे पंचरंगी क्रिकेट सामन्यांचा थरार मैदानाबाहेरच्या माणसालाही अनुभवता येऊ लागला. पुढे बाळ ज. पंडित यांनी तोच थरार अस्सल मराठीत आणला. रेडिओने कान बांधून घेतला, शरीर मात्र मोकळे ठेवले. ऐकणारा येरझारा घाली, चौकटीला टेकून उभा राही, झोपाळ्यावर बसून पायाने जमिनीला रेटा देई. गडी बाद झाल्याचे कळताच स्वयंपाकघरापर्यंत जाऊन ती वार्ता सांगून येई.

2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि ही मोकळीक संपली. आता डोळा पडद्याला बांधला गेला, आणि डोळ्यामागोमाग मान व मानेमागोमाग पाठ जखडली गेली. उंच मेजावर किंवा कपाटात संच, त्याच्या पुढ्यात सतरंजीवर माना वर करून बसलेली शेजारपाजारची मुले, मागे खुर्च्यांवर वडीलधारी मंडळी आणि खिडकीच्या गजांना धरून उरलेले, असा त्या काळचा इतमाम होता. 25 जून 1983 रोजी लॉर्ड्सवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताने 183 धावांच्या बळावर वेस्ट इंडीजला 140 धावांत गुंडाळले, तेव्हा पुष्कळ घरांत हाच दरबार भरला होता.

त्यानंतर मऊ, खोल कोच आला, आणि पाठोपाठ रिमोट येऊन उठण्याचे शेवटचे निमित्तही गेले. कोचावरच्या प्रेक्षकाला जवळून न्याहाळावे : पहिल्या षटकात तो ताठ असतो; हळूहळू बैठक पुढे सरकते, कंबर व पाठटेकू यांत पोकळी पडते, कण्याचा खालचा स्वाभाविक बाक मोडतो आणि हनुवटी छातीकडे झुकते. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेमसन यांनी 1960 च्या दशकात मणक्यांमधील चकतीवरील दाब प्रत्यक्ष मोजला, तेव्हा आधाराविना बसताना तो उभे राहण्यापेक्षा अधिक, आणि पुढे वाकून बसताना त्याहूनही अधिक आढळला. मागे रेलून कमरेला आधार मिळाला, की तो उतरतो, असेही पुढील मोजणीत दिसले.

तेव्हा सदरेवरचा लोड आजही कामाचा आहे, फक्त त्याची जागा कमरेमागच्या पोकळीत हवी; तळवे जमिनीला टेकलेले असावेत आणि पडदा नजरेच्या पातळीला असावा. परंतु उत्तमातले उत्तम आसनही तासन्‌तास अचल राहिले की शिक्षा ठरते. क्रिकेटच्या कायद्याने खेळाडूंना पाणी, उपाहार आणि चहा यांसाठी विश्रांती नेमून दिली आहे, आणि षटकागणिक क्षेत्ररक्षकांनाही जागा बदलाव्या लागतात. हा दस्तूर प्रेक्षकानेही पाळावा : षटके संपताना अधूनमधून उठावे, जाहिराती उभ्याने पाहाव्यात, आणि चहा कोणी आणून देण्याची वाट न पाहता स्वतः जाऊन आणावा.