करार न्यूयॉर्कचे, कसोटी मुखेड-जळकोटची

नांदेड/लातूर : घरातील मारहाण आणि मुलांचे शोषण यांबाबत शासन जगाला उत्तरदायी आहे, हे भारताने तीन दशकांपूर्वीच लेखी मान्य केले. बालहक्क संहितेत भारत ११ डिसेंबर १९९२ रोजी सहभागी झाला, तर महिलांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावाचे निर्मूलन करण्याच्या करारास, अर्थात ‘सीडॉ’ला, त्याने ९ जुलै १९९३ रोजी अंतिम मान्यता दिली. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत संमत झालेल्या या दस्तऐवजांचा नांदेडच्या मुखेडशी वा लातूरच्या जळकोटशी काय संबंध, असे कोणी विचारील. तो संबंध आपल्या कायद्याच्या पुस्तकातच नमूद आहे.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ मध्ये संमत झाला व २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याच्या विधेयकासोबतच्या उद्देश-निवेदनात ‘सीडॉ’ समितीच्या १९८९ च्या शिफारशीचा, १९९५ च्या बीजिंग जाहीरनाम्याचा आणि ‘१९९४ च्या व्हिएन्ना करारा’चा आधार दिलेला आहे. (व्हिएन्नाची मानवी हक्क परिषद प्रत्यक्षात जून १९९३ मध्ये झाली, विधेयकात वर्ष चुकले ते चुकलेच.) लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा ‘पोक्सो’ कायदा तर आपल्या प्रस्तावनेतच बालहक्क संहितेचे नाव घेतो.

तथापि, स्वाक्षरी करताना भारताने काही बाबतींत हात राखून ठेवला, ही गोष्ट फारशी चर्चिली जात नाही. ‘सीडॉ’च्या सोळाव्या अनुच्छेदानुसार बालकाचा वाङ्‌निश्चय वा विवाह कायदेशीर परिणामशून्य असावा, विवाहाचे किमान वय ठरवावे आणि विवाहनोंदणी सक्तीची करावी. नोंदणीचे तत्त्व मान्य असले तरी विविध रूढी, धर्म आणि साक्षरतेची स्थिती पाहता एवढ्या विशाल देशात ते व्यवहार्य नाही, असे निवेदन भारताने करारासोबत जोडले. बालहक्क संहितेच्या बाबतीतही, सर्व रोजगारांसाठी किमान वय तातडीने ठरवणे शक्य नाही, असे नोंदवले. मराठवाड्यातील मुलींची कोंडी नेमकी याच दोन सवलतींच्या जागी झालेली दिसते.

पुढे देशांतर्गत स्थिती बदलली. महाराष्ट्राने १९९८ मध्ये विवाहनोंदणीचा कायदा केला आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले. गावपातळीवर विवाह निबंधक म्हणजे ग्रामसेवक. २०२४ पासून या पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी असे आहे. योगायोग असा की, गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारीही तोच आणि त्याच्या मदतीला अंगणवाडी सेविका. मात्र जे लग्न थांबवायचे ते नोंदणीसाठी त्याच्या टेबलापर्यंत कधी येतच नाही. ज्या गावात रोज उठबस, त्याच गावातल्या प्रतिष्ठिताविरुद्ध पोलिसांत फिर्याद द्यायची, हे काम कागदावर दिसते तितके सोपे नाही.

सीमेवरचे चित्र आणखी बोलके आहे. केंद्राच्या २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानुसार बालविवाह हा गुन्हा असला, तरी विवाह आपोआप रद्द होत नाही. काही अपवाद वगळता तो केवळ रद्द होण्याजोगा ठरतो. शेजारच्या कर्नाटकाने मात्र कायद्यात दुरुस्ती करून असा विवाह मुळातच शून्य ठरविला आहे. म्हणजे बीदर जिल्ह्यात जे लग्न कायद्याच्या दृष्टीने झालेलेच नाही, तेच लगतच्या उदगीर किंवा देगलूर तालुक्यात, मुलगी न्यायालयात जाईपर्यंत वैध राहते. आंतरराष्ट्रीय कराराच्या शब्दाला अधिक जवळचे कर्नाटकच म्हणावे लागेल. सर्वोच्च न्यायालयानेही १८ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात ‘सीडॉ’चा संदर्भ देत बालवयातील वाङ्‌निश्चयांवर बंदी आणण्याचा विचार संसदेने करावा, असे सुचवले.

लग्ने लवकर का होतात, याचे उत्तर केवळ परंपरेत शोधणे अपुरे आहे. मुखेड, कंधार, लोहा, जळकोट या भागांतील वाड्या-तांड्यांवरून दिवाळीच्या सुमारास कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’वर आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराला उचल कमी, लग्न झाले की पूर्ण कोयता! शिवाय वयात आलेली मुलगी सहा महिने मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, हा आई-बापांचा प्रश्न खोटा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झाले होते. परभणी, बीड यांसारख्या मराठवाड्यातील जिल्ह्यांत हे प्रमाण राज्याच्या सरासरीहून कितीतरी अधिक आहे.

फडावर गेलेली मुले वाढे बांधतात, धाकटी भावंडे सांभाळतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १३८ आणि १८२ क्रमांकाच्या करारांना भारताने १३ जून २०१७ रोजी मान्यता दिली. त्याआधी, २०१६ मध्ये, चौदा वर्षांखालील मुलांना सर्व व्यवसायांत काम करण्यास बंदी घालण्यात आली. मात्र शाळेची वेळ सोडून कुटुंबाला मदत करण्याची मुभा ठेवली गेली. ज्याची शाळाच गावी राहिली, त्याची ‘शाळेची वेळ’ कोणती मानायची?

बालमजुरीविरुद्ध भारत व अमेरिका यांच्या खर्चाने दोन हजारच्या दशकात राबविलेल्या ‘इंडस’ प्रकल्पात मराठवाड्यातून जालना व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) हे जिल्हे निवडले गेले. नांदेड-लातूर त्यात नव्हते. परदेशी निधी येतो तेव्हा तो निवडक जिल्ह्यांपुरता आणि ठरावीक मुदतीपुरताच येतो.

उलट दिशेचा प्रवासही घडला आहे. मुलांसाठीची १०९८ ही दूरध्वनी सेवा १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रकल्प म्हणून सुरू झाली. तिच्या संस्थापक जेरू बिलिमोरिया यांच्याच पुढाकारातून २००३ मध्ये जगभरातील बाल-हेल्पलाइनचे जाळे उभे राहिले. २०२३ पासून ही सेवा टप्प्याटप्प्याने शासनाने आपल्याकडे घेतली. ठरलेले लग्न थांबवण्यासाठी या क्रमांकावर कोणीही कळवू शकते. महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ‘सखी’ केंद्रे आहेत.

देगलूरची मुलगी निजामाबादला किंवा उदगीरची बीदरला दिली आणि सासरी छळ झाला, तर सासरच्याच गावी दाद मागावी लागते, हा समज चुकीचा आहे. २००५ च्या कायद्याच्या २७ व्या कलमानुसार ती तात्पुरती जिथे राहत असेल, तेथील, म्हणजे माहेरच्या तालुक्यातील न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो. पहिली सुनावणी साधारणतः तीन दिवसांत ठेवावी आणि त्यानंतर साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा सांगतो. बालपणी लग्न झालेल्या मुलीला ते रद्द करून घेण्यासाठी सज्ञान झाल्यावर दोन वर्षांची, म्हणजे वयाची वीस वर्षे पूर्ण होईपर्यंतची मुदत आहे. ती अज्ञान असेल तर पालक वा हितचिंतक बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्यासह तिच्या वतीने जिल्हा न्यायालयात अर्ज दाखल करू शकतात.