देव्हाऱ्यातला घोडा

वडगाव मावळ म्हटलं की १७७९ सालची लढाई आठवते. महादजी शिंदे, इंग्रजांची शरणागती, मराठ्यांचं घोडदळ. आज मात्र मी बोलणार आहे एका अगदी छोट्या घोड्याबद्दल. आपल्या मावळात तो कितीतरी घरांच्या देव्हाऱ्यात असतो, खंडोबाच्या टाकावर.

टाक म्हणजे चांदीचा पातळ पत्रा. सोनार तो ठशावर ठोकून देवाची आकृती उठवतो. खंडोबा घोड्यावर, हातात तलवार, बऱ्याचदा मागे म्हाळसा आणि घोड्याच्या पायाशी कुत्रा.

ही जनावरं नुसती शोभेची नाहीत बरं का. मणी-मल्ल दैत्यांची कथा ऐकलीच असेल. मरताना मणी शरण आला आणि आपला पांढरा घोडा त्यानं देवाला दिला, असं मानतात. म्हणजे घोडा ही शत्रूच्या शरणागतीची खूण. आणि कुत्रा निष्ठेची. जेजुरीचे वाघ्ये स्वतःला खंडोबाचे कुत्रे म्हणवतात, पूर्वी तर कोटंब्यातलं अन्न खाताना ते भुंकतही.

असंच काहीसं पश्चिम आफ्रिकेतल्या सेनुफो लोकांतही सापडतं. तिथं भविष्य पाहणारी बाई सांगते, मग माणूस पितळेचा अजगर, सरडा किंवा मगर अंगावर घालतो. रानातल्या अदृश्य शक्तींशी नातं सांभाळायला. ते अंगावर घालतात, आपण देव्हाऱ्यात पुजतो, पण धातूतलं जनावर दोन्हीकडे नात्याचीच खूण.

नातं म्हटलं की भेटीगाठी आल्या. म्हणून तर घरचे टाक जेजुरीला नेऊन देवाला भेटवतात. काही घरांत पूर्वजांचेही टाक असतात, त्यांना वीर म्हणतात. नाशिकला धुळवडीला हे वीर वाजतगाजत गोदावरीवर स्नानाला निघतात.

आता भावाभावांत वाटण्या होतात, फ्लॅट लहान असतात, आणि टाक बँकेच्या लॉकरमध्ये जातात. नाहीतर जुन्या चांदीबरोबर मोडीत. लॉकरमध्ये चांदी सुरक्षित राहते हो, पण भेट थांबते. आणि मोडीत निघाले, तर कोणता टाक कोणत्या पूर्वजाचा, हे सांगणारी खूणच जाते. कारण बहुतेक टाकांवर नाव नसतं, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीच असतं.

तेव्हा या रविवारी आजीला देव्हाऱ्यापाशी बसवा, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करा आणि एकेका टाकावर बोट ठेवून विचारा, ‘आजी, हा कोण गं?’