भूकंप, दुष्काळ आणि गावाची सिद्धता

गावाचा इतिहास सांगावयाचा म्हणजे तो देवळापासून सुरू करावा लागतो. राजवटी आल्या आणि गेल्या, १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचा अंमल संपला, पुढे जिल्हे-तालुक्यांच्या सीमाही बदलल्या. पण वेशीजवळचा मारुती आणि त्याच्यासमोरचा पार जागेवरच राहिला. गावाने आनंदाचे सोहळे तेथे साजरे केले आणि संकटात धावाही तेथेच केला. म्हणून श्रींच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी लातूर व धाराशिव जिल्ह्यांच्या या भूमीवर आलेली संकटे आणि त्यांना तोंड देण्याची ग्रामस्थांची तयारी यांचा थोडा विचार होणे उचित ठरेल.

दुष्काळ : ओळखीचा शत्रू

या भूमीला दुष्काळ नवा नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीस पडलेला दुर्गादेवीचा दुष्काळ लोकांच्या स्मरणात शतकानुशतके राहिला. बहामनी अमलात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी धान्याची कोठारे उपाशी रयतेला खुली केली, ही कथा कीर्तनातून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्यानंतर १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आणि वडीलधाऱ्या मंडळींनी प्रत्यक्ष सोसलेला १९७२ चा दुष्काळ. खडी फोडणारे हात, दुष्काळी कामावरची सुकडी आणि रेशनची लाल मिलो ज्वारी यांची आठवण अद्याप पुसलेली नाही. अगदी अलीकडे, एप्रिल २०१६ मध्ये, लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

असे संकट प्रत्येक पिढीला एकदा तरी भेटत असल्यामुळे गावाने त्याच्याशी लढण्याची रीत बसवून ठेवली होती. सुगीची ज्वारी जमिनीतल्या पेवात भरून तोंड मातीने बंद करीत. कडब्याची गंजी दोन वर्षे पुरेल अशी रचण्याकडे जाणत्या शेतकऱ्याचा कल असे. आड आणि बारव यांचा गाळ उन्हाळ्यात काढला जाई. पेव उघडल्यावर आतला कोंडलेला वारा निघून जाईपर्यंत कोणीही खाली उतरू नये, ही शिस्त तर लहान मुलांनाही ठाऊक असे. ही शिस्त कोणा सरकारी पत्रकाने शिकविलेली नव्हती. पूर्वी कोणी तरी जीव गमावला होता आणि गावाने ते लक्षात ठेवले होते. सिद्धता म्हणतात ती हीच.

भूकंप : अनोळखी शत्रू

भूकंपाच्या बाबतीत मात्र गावाजवळ अशी कोणतीच आठवण नव्हती. दख्खनचे पठार हे कठीण काळ्या दगडाचे, ते हलणार नाही, असाच सर्वांचा समज होता. शास्त्रज्ञांच्या नकाशातही हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात दाखविलेला होता. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरला भूकंप होऊन मोठी प्राणहानी झाली, तेव्हा ते दूरच्या सह्याद्रीतले संकट म्हणून पाहिले गेले.

त्यामुळे घरे बांधली गेली ती दुसऱ्याच शत्रूंचा विचार करून. ऊन आणि चोर हे ते शत्रू. उन्हाळ्यात गारवा राहावा आणि चोराला भिंत फोडता येऊ नये म्हणून दोन फुटांपासून चार फुटांपर्यंत रुंदीच्या भिंती चढविल्या जात. वर सागाच्या किंवा बाभळीच्या लाकडांवर माळवद. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकण्याची चाल होती. जुना थर सहसा काढला जात नसे. अशा रीतीने वर्षानुवर्षे माती साठत जाऊन काही घरांच्या डोक्यावर दीड-दोन फूट जाडीचा ढीग तयार झाला. ज्याचे घर जुने आणि वाडा मोठा, त्याच्या डोक्यावरचे ओझेही मोठे.

भिंत बाहेरून भक्कम दिसे, पण तिची रचना सदोष होती. आतल्या व बाहेरच्या अशा दोन बाजू गोलसर, अनघड दगडांनी रचून मध्ये चिपा व माती भरली जाई. दोन्ही बाजूंना एकत्र धरणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड क्वचितच घातलेले असत. म्हणजे एका जाड भिंतीऐवजी शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन पातळ भिंतीच त्या होत्या. जुन्या हेमाडपंती देवळांचे घडीव दगड खाचा पाडून एकमेकांत बसविलेले असतात. घराच्या भिंतीतल्या गोल दगडांना चिखलाखेरीज दुसरा आधार नव्हता.

इशारा मिळाला नाही असेही नाही. १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात किल्लारी परिसरात शंभराहून अधिक लहान धक्के बसले. जमिनीतून गडगडाट ऐकू येई. पुष्कळांनी काही दिवस घराबाहेर अंथरुणे टाकली. पुढे धक्के थांबले, पावसाळा आला आणि लोक पुन्हा माळवदाखाली झोपू लागले. त्यांना दोष देता येणार नाही. धक्का बसल्यावर भिंतीत काय सुधारणा करावी, माळवदावरची किती माती उतरवावी, हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते.

३० सप्टेंबर १९९३

२९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. गावोगावी गणपती विसर्जनाच्या मिरवणुका निघाल्या. रात्री उशिरा मंडळी घरी परतून निजली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी पृथ्वी हादरली. भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ एवढी मोजली गेली. जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने हा आकडा मध्यम होता. परंतु औसा आणि उमरगा या तेव्हाच्या तालुक्यांतील किल्लारी, सास्तूर व आसपासची गावे काही क्षणांत जमीनदोस्त झाली. शासकीय गणनेनुसार सुमारे ८,००० माणसे दगावली. सुमारे १६,००० जखमी झाली. पंधरा हजारांहून अधिक जनावरे दावणीला बांधलेली असतानाच गेली.

माणसे भूकंपाने मेली असे आपण म्हणतो. खरे पाहता ती स्वतःच्याच भिंती आणि माळवदांखाली मेली. ज्यांची घरे कुडाची, गवताची किंवा पत्र्याची होती, त्या गरीब वस्त्यांतली पुष्कळ माणसे वाचली. ज्या माळवदाखाली लाकडी खांब व तुळयांची जोडणी पक्की होती, तेथे काही ठिकाणी भिंती ढासळूनही छत खांबांवर तसेच तोलून राहिले. गावात प्रतिष्ठेची मानली जाणारी जाड भिंतच घातक ठरली आणि कमी प्रतीचे मानलेले छप्पर तारक ठरले. या एका गोष्टीत साऱ्या आपत्तीचा धडा सामावलेला आहे.

पहिल्या काही तासांत बाहेरून कोणी पोहोचणे शक्यच नव्हते. जे वाचले त्यांनीच हातांनी, फावड्यांनी, पहारींनी दगड उपसले. नंतर सैन्य आले, शासकीय यंत्रणा आली, महाराष्ट्रातूनच नव्हे तर देश-परदेशांतून मदत आली. पण ढिगाऱ्याखालच्या माणसाला त्याचा शेजारीच पहिल्यांदा ऐकतो, हे सर्वांनी अनुभवले.

पुनर्वसन आणि त्याचे धडे

बावन्न गावे पूर्णतः नव्या जागी वसविण्यात आली. जागतिक बँकेचे कर्ज, शासन आणि अनेक देणगीदार संस्था यांच्या साहाय्याने हे प्रचंड काम उभे राहिले. भूमिहीन व अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मध्यम खातेदारांना ४०० चौरस फूट व सात हेक्टरांहून अधिक जमीन असलेल्यांना ७५० चौरस फुटांचे घर, असा नियम होता. घर जमिनीच्या नोंदीवरून ठरत असल्यामुळे सात-बाराच्या उताऱ्याला आणि वारसनोंदीला अन्नाइतके मोल आले. कागदपत्रे ढिगाऱ्याखाली गेलेल्या कुटुंबांना हे मोल विशेष कळले असेल. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाची सोय केली, हेही कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

ज्या गावांचे स्थलांतर झाले नाही, तेथील सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाचा कार्यक्रम घेण्यात आला. त्या कामी गावोगावच्या महिलांना संवाद सहायक म्हणून नेमण्यात आले. चुलीपुढच्या बाईने गवंड्याला भिंतीबद्दल प्रश्न विचारावा, ही गोष्ट त्या काळी नवी होती. भिंतीत ठरावीक अंतरावर भोक पाडून आरपार काँक्रीटचा दगड बसविणे, माळवदावरची जादा माती उतरविणे, खांब व तुळई यांच्या सांध्यात तिरपा आधार ठोकणे, घराच्या चारी बाजूंनी न तुटणारा पट्टा फिरविणे, हे ते उपाय होत. यातील एकही उपाय श्रीमंतांपुरता नाही. माती उतरविण्यास तर फक्त एक फावडे व दोन दिवसांची मेहनत लागते.

२००२ साली भूकंपाच्या नकाशात सुधारणा होऊन किल्लारीचा भाग तिसऱ्या विभागात दाखविण्यात आला. कागदावरची चूक अशा प्रकारे दुरुस्त झाली. लोकांच्या मनातील समजूत दुरुस्त झाली किंवा नाही, हा खरा प्रश्न आहे.

आजची तयारी

त्या पहाटेला तीस वर्षे उलटून गेली. जी मुले तेव्हा पाळण्यात होती ती आज घरातील कर्ती आहेत आणि त्यानंतर जन्मलेल्यांना तो दिवस केवळ ऐकून ठाऊक आहे. कुटुंबे वाढली तशी घरांना पुढे-मागे खोल्या जोडल्या गेल्या. जोडलेल्या खोलीला पट्टा आहे काय, ती मूळ घराशी नीट बांधलेली आहे काय, पहिल्या मजल्यावर दुसरा चढविताना खालच्या भिंतीचा विचार केला काय, हे विचारणारे थोडेच. दगड फुकट आणि माती घरची, म्हणून जुन्याच रीतीची भिंत पुन्हा उभी राहण्याचा मोह आजही होतो.

निसर्ग मात्र विसरलेला नाही. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात झालेल्या ४.५ तीव्रतेच्या भूकंपाने शेजारच्या नांदेड व परभणी जिल्ह्यांतील लोकही घराबाहेर धावले. सप्टेंबर २०२५ मध्ये परांडा व भूम या दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तालुक्यांत महापूर आला. जे पूर्वी घडले नाही ते घडणारच नाही, या समजुतीला आधार नाही.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यास प्राधिकरण दिले आहे. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा दूरध्वनी क्रमांक आहे. परंतु कायदा असला तरी पहिली रात्र गावालाच काढावयाची असते. त्यासाठी ग्रामस्थांनी फार मोठे काही करण्याची जरुरी नाही. एकटे राहणारे वृद्ध, अपंग व गरोदर स्त्रिया यांची यादी ग्रामपंचायतीत असावी आणि दर वर्षी तपासली जावी. पहारी, फावडी, दोर, कंदील व बॅटऱ्या एका ठिकाणी ठेवून त्याची किल्ली कोणाकडे आहे ते सर्वांना माहीत असावे. सात-बारा, वारसनोंद व शिधापत्रिका यांच्या नकला घराबाहेर नातेवाइकांकडेही असाव्यात. नवे घर बांधताना गवंड्याला पट्टा व आरपार दगड घालण्यास सांगावे आणि ते घातलेले स्वतः पाहावेत.

देवळाचे कार्य

मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी गावाने वर्गणी दिली, श्रमदान केले, दगड कसा निवडावा, पाया किती खोल घ्यावा, याची चर्चा पारावर दिवस दिवस केली. देवाच्या घरासाठी जेवढी काळजी घेतली, तेवढीच प्रत्येकाने आपल्या घरासाठी घेतली तर श्रींना ती सेवा नक्कीच रुजू होईल.

देवळापुढील पटांगण मोकळे ठेवावे. संकटाच्या वेळी सर्वांनी जमण्याची तीच जागा व्हावी आणि देवळाची घंटा हीच हाक व्हावी. दर वर्षी ३० सप्टेंबरला सायंकाळच्या आरतीनंतर गावातील जाणत्या माणसाने त्या पहाटेची हकीकत तरुणांना सांगावी, यादी वाचावी आणि अवजारे मोजावीत. पेवात उतरण्यापूर्वी थांबण्याची शिस्त गावाने जशी शेकडो वर्षे जपली, तशीच ही शिस्तही जपली जाईल.

जे गेले त्यांच्या आत्म्यास शांती लाभो, आणि जे आहेत त्यांना सुबुद्धी व सिद्धता लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.