माथेरानची हातरिक्षा

माथेरानला सहल नेलेल्या शिक्षकांना दस्तुरी नाका नक्की आठवत असेल. नेरळहून घाट चढून आलेल्या मोटारी इथे थांबतात, कारण पुढे गावात मोटारींना बंदी आहे. इथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटरवर. पर्यटक हे अंतर वर्षानुवर्षे पायी, घोड्यावरून, अमन लॉज स्थानकातून मिनी ट्रेनने, नाहीतर हातरिक्षात बसून पार करत आले. आमच्या एका सहलीत सातवीतली एक मुलगी हातरिक्षाकडे बराच वेळ पाहत उभी होती. एक जण पुढून दांडा धरून ओढत होता, दोघे मागून ढकलत होते आणि आत पती-पत्नी बसले होते. तिने विचारले, "सर, हिला घोडा का नाही लावत?" तेव्हा मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही.

वरवर पाहता हातरिक्षा ही टांग्याची धाकटी बहीण वाटते. पण तिचे खरे नाते आहे पालखीशी. पालखी माणसेच वाहत, रिक्षाही माणसेच ओढतात. मध्ये आले ते फक्त चाक. हे वाहन जपानमधले. 1869-70 च्या सुमारास ते टोकियोत अवतरले आणि 1870 मध्ये तिथल्या सरकारने ते बनवण्याचा परवाना दिला. जपानी नाव 'जिनरिकिशा'. 'जिन' म्हणजे माणूस, 'रिकी' म्हणजे बळ आणि 'शा' म्हणजे गाडी. जगभर फिरताना या नावाचे पहिले अक्षर गळाले आणि आपल्यापर्यंत नुसती 'रिक्षा' पोहोचली. म्हणजे नावातला माणूसच हरवला! पुढे तिला पेट्रोलचे इंजिन बसले तेव्हा तर हे कोणाच्या ध्यानातही राहिले नाही.

पालखीत भोई प्रवाशाचे संपूर्ण वजन खांद्यावर पेलतात. रिक्षात ते वजन चाके पेलतात आणि माणसाला फक्त ओढावे लागते. जिथे चार भोई लागत तिथे सपाटीवर एक माणूस पुरू लागला. त्या काळाच्या दृष्टीने ही सुधारणाच होती, हे विसरून चालणार नाही. हिंदुस्थानात 1880 च्या सुमारास ही गाडी सिमल्यात आली आणि पुढे इतर थंड हवेच्या ठिकाणी व कलकत्त्यात पसरली. कलकत्त्याची रिक्षा आपल्याला 'दो बिघा जमीन' या 1953 च्या चित्रपटामुळे ठाऊक आहे.

माथेरानचे डोंगरमाथ्यावरचे रान इंग्रजांच्या नजरेत भरले ते मे 1850 मध्ये, ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट वर चढून गेले तेव्हा. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी या ठिकाणाला उत्तेजन दिले. 1856 मध्ये आगगाडी खोपोलीपर्यंत आली आणि वाटेवरचे नेरळ मुंबईकरांच्या आवाक्यात आले. तिथून वर यायला तट्टू किंवा पालखी. समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंचीचा हा माथा. आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, अलिबाग-मुरुडकडे, सपाट रस्त्यावर घोडागाडी निभावते. डोंगरवाटेचे तसे नाही. चढावर घोड्याचा दम निघतो आणि उतारावर गाडी मागून त्याच्या अंगावर येते. घोड्याला दाणा-वैरण लागते, तबेला लागतो. माणसाला तेवढेही द्यावे लागत नव्हते. त्या मुलीच्या प्रश्नाचे हे खरे उत्तर आहे, आणि मला ते तिच्यासमोर उच्चारायला जड गेले असते.

मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने सोळा लाख रुपये घालून नेरळ-माथेरान रेल्वे बांधली. आदमजींचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम तडीस नेले आणि 1907 मध्ये गाडी सुरू झाली. रुळांमधले अंतर अवघे दोन फूट. चढ काही ठिकाणी वीसास एक, म्हणजे वीस फूट पुढे गेले की एक फूट वर. वळणे इतकी तीव्र की तिच्या जर्मन इंजिनांच्या पुढच्या-मागच्या चाकांना थोडे वळता यावे म्हणून पोकळ आसांची खास रचना करावी लागली. या गाडीने पालखी संपवली. पण स्थानकावर उतरल्यावर पुढे काय? बंगले, हॉटेले आणि डोंगराच्या कडेची 'पॉइंटे' विखुरलेली. तिथे हातरिक्षा टिकली. आणि मोटारींना बंदी असल्यामुळे, इतर ठिकाणांहून ती नाहीशी झाली तरी माथेरानात टिकूनच राहिली. हवा स्वच्छ राखण्याच्या नियमाची किंमत अशी कोणाच्या तरी फुफ्फुसांनी भरली.

ही किंमत मोजता येते, नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकडून जरूर मोजून घ्यावी. समजा, रिक्षा आणि दोन प्रवासी मिळून 250 किलोग्रॅम वस्तुमान आहे. वीसास एक चढावर गुरुत्वाकर्षण तिला मागे खेचते ते सुमारे 122 न्यूटन बलाने. शिवाय चाक फिरताना मातीच्या रस्त्याकडून विरोध होतो. तो वजनाच्या शेकडा चार धरला तर आणखी 98 न्यूटन. एकूण झाले 220. पोलादी रुळावर पोलादी चाक असेल तर हा दुसरा आकडा दहा न्यूटनच्या आसपास येतो. छोटीशी आगगाडी मोठे काम करते ते यामुळे.

आता असा चढ 500 मीटर आहे आणि वेग सेकंदाला एक मीटर, असे धरू. 220 न्यूटन गुणिले एक मीटर, म्हणजे 220 वॅट. तिघांत वाटले तर प्रत्येकी 73. पण प्रत्येकाला स्वतःचे शरीरही 25 मीटर वर न्यायचे असते. साठ किलोच्या माणसासाठी ते होतात आणखी 29 वॅट. बेरीज शंभरावर गेली. निरोगी माणूस दिवसभर टिकवू शकतो ती शक्ती साधारण 75 वॅट मानली जाते. म्हणजे इथे प्रत्येक चढाला माणूस आपल्या मर्यादेपलीकडे जातो, आणि दोघांनीच ओढायचे ठरवले तर किती होतील ते विद्यार्थ्यांनीच काढावे. वर जाणे कठीण, उतरणे सोपे, असेही नाही. आठास एक अशा उतारावर हीच गाडी 200 न्यूटनहून अधिक बलाने पुढच्या माणसाच्या पाठीवर येते. मग माणूसच ब्रेक होतो. पावसाळ्यात निसरड्या तांबड्या मातीवर पाय रोवून गाडी थोपवणे म्हणजे काय, याची कल्पनाच केलेली बरी.

फेब्रुवारी 2003 मध्ये केंद्र सरकारने माथेरान परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला. त्यामुळे वाहनबंदी अधिक घट्ट झाली. त्यातून विजेवर चालणाऱ्या रिक्षांची मागणी पुढे आली आणि ती मागणी करणाऱ्यांत खुद्द रिक्षा ओढणारेच होते. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रयोगाला परवानगी दिली आणि त्या डिसेंबरात ई-रिक्षा धावल्या. शाळकरी मुले, म्हातारी माणसे यांची सोय झाली. घोडेवाल्यांनी विरोध केला, त्यांचेही पोट त्याच रस्त्यावर होते. 2024 मध्ये न्यायालयाने ई-रिक्षा जास्तीत जास्त वीस ठेवाव्यात आणि त्या हातरिक्षावाल्यांनाच द्याव्यात असे सांगितले. रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवावेत की नाही, यावरही वाद झाला. मातीची धूप थांबते असे एक बाजू म्हणे, माथेरानचे माथेरानपण जाते असे दुसरी.

6 ऑगस्ट 2025 रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने, माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानुष आहे असे सांगून ती सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला. पंजाबातल्या सायकलरिक्षावाल्यांच्या 1980 च्या खटल्याची आठवण न्यायालयाने करून दिली. त्या निकालात रिक्षा ओढणारा हाच तिचा मालक व्हावा यासाठी कर्जाची वाट दाखवली होती. माथेरानसाठी गुजरातमधल्या केवडियाचे उदाहरण समोर ठेवले गेले, जिथे ई-रिक्षा स्थानिकांना भाड्याने चालवायला दिल्या जातात. पैसा नाही ही सबब चालणार नाही, असेही सुनावले.

आता हिशेब पाहा. माथेरानात परवाने 94 हातरिक्षांचे. एका हातरिक्षामागे दोन-तीन माणसे लागतात, म्हणजे रोजगार दोनशेच्या घरात. ई-रिक्षाला चालक एकच. वीस गाड्या दोन पाळ्यांत चालवल्या तरी चाळीस जणांची सोय होते. खरे रिक्षा ओढणारे कोण ते शोधायचे आणि प्रत्यक्ष गरज पाहून गाड्यांची संख्या ठरवायची, हे काम न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीवर सोपवले. परवाना एकाच्या नावावर आणि दांडा दुसऱ्याच्या हातात, असे जिथे असेल तिथे त्या यादीत नाव कोणाचे लागणार, हा प्रश्न त्या दोनशे घरांच्या दृष्टीने सर्वांत मोठा आहे.