मित्राच्या गोष्टीनंतर

तुळजापूरला भवानीच्या दारी गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी आणि अंगावर लुगडे अशा वेशातला आराधी पुरुष दिसला, तर भाविक त्याच्या परडीत जोगवा घालतात, हात जोडतात. त्याच धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयात मुलाचा आवाज जरा मऊ असला, की मागच्या बाकावरून ‘नाच्या’ हा शब्द येतो आणि वर्ग हसतो. देवीच्या अंगणातला मान वेशीपर्यंतही टिकत नाही.

हा शब्द तमाशाच्या बोर्डावरून आला आहे. नाच्याच्या हावभावांवर प्रेक्षकांच्या कित्येक पिढ्या हसल्या. मराठी चित्रपटात ही भूमिका गाजवणाऱ्या गणपत पाटील यांना त्या हशाची किंमत खाजगी आयुष्यातही मोजावी लागली. म्हणजे चिडवण्याची भाषा काही अंशी कलेनेच पुरविली. त्या ऋणाची फेड मराठी रंगभूमीने दोन हप्त्यांत केली, असे म्हणता येईल.

पहिला हप्ता १९८१ सालचा. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ त्या वर्षी रंगमंचावर आले. काळ स्वातंत्र्यपूर्व, परिसर पुण्यातील महाविद्यालयाचा. सुमित्रा, म्हणजे मित्रा, हिचा नमा या मैत्रिणीवर जीव जडतो. पुढे कुजबुज, पत्रांवरून होणारी अडवणूक, बदनामी, एकटेपण आणि अखेर आत्महत्या. रोहिणी हट्टंगडी यांनी साकारलेल्या मित्राला पाहून हसण्याची सोय प्रेक्षकाला उरली नाही. छळ सोसणाऱ्या विद्यार्थिनीला मराठी नाटकाने दिलेला हा सन्मान होता. मात्र तो तिच्या मरणानंतरचा होता. गोष्ट सांगणारा तिचा मित्र बापू तिला समजून घेतो, पण वाचवू शकत नाही.

दुसरा हप्ता चेतन दातार यांच्या ‘एक माधवबाग’चा. येथे आई मुलाची डायरी वाचते. मुलगा समलिंगी आहे हे तिला कळते, आणि त्याने एकट्याने काय सोसले तेही. मोना आंबेगावकर यांनी या संहितेचे प्रयोग वर्षानुवर्षे केले. दातार २००८ मध्ये गेले. संहिता मात्र बोलत राहिली. तेंडुलकरांनी शोक केला, दातारांनी आधाराचा हात दाखविला. घरातले माणूस वेळेवर ऐकू लागले, तर गोष्टीचा शेवट बदलू शकतो, हे या आईने सांगितले.

पुढे कायदाही बदलला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कलावरून होणारा छळ समाविष्ट केला. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. पण नियम तक्रारीनंतर जागा होतो. मागच्या बाकावरचे हसू त्याआधीच आपले काम करून गेलेले असते.

म्हणून आम्हा मराठीच्या शिक्षकांपुढचा प्रश्न साधा आहे. ही दोन्ही नाटके वर्गात मोठ्याने वाचली गेली पाहिजेत. मित्राची भूमिका कोण वाचतो, याला फारसे महत्त्व नाही. मागच्या बाकावरच्या मुलाला बापू वाचायला द्यावा.