रविवारचा बातमीदार

तारीख २१ फेब्रुवारी १९३२, वार रविवार, मुक्काम धुळ्याचा तुरुंग. सकाळी जळगावहून तुम्ही निघालात ते पत्रकार परिषदेला. पोचलात मात्र इथं. मोबाइल गेला, गळ्यातलं ओळखपत्र गेलं, अंगावर जाडाभरडा सदरा आलाय. शेजारचा शिरपूरकडचा शेतकरी सरकून जागा करतो. "कव्हय उना रे भो?" आता याला काय सांगणार? "आत्ताच," म्हणत तुम्ही मांडी घालता.

जानेवारीत गांधीजींना पकडलं, कायदेभंग पुन्हा पेटला आणि माणसं घाऊक भावात आत आली. एरवी आमंत्रणं धाडूनही एका सतरंजीवर बसली नसती अशी मंडळी सरकारनं स्वखर्चानं गोळा केली आहेत. वर्ध्याचे शेठ जमनालाल बजाज आहेत, मजूर चळवळीतले गुलझारीलाल नंदा आहेत, अमळनेरच्या प्रताप हायस्कूलातली मास्तरकी सोडून आलेले साने गुरुजी आहेत. आठवडाभर दळण, सूत, आजाऱ्यांची उठबस, आणि अर्थातच वाद. रविवारी व्याख्यान.

प्रेस क्लबात तरी आपण दुसरं काय करतो? एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, कुणीतरी टिपून घ्यायचं. टोकियोतला परदेशी बातमीदारांचा नामांकित क्लब निघायला अजून तेरा वर्षं आहेत. जपान शरण आल्यावर, १९४५मध्ये, अमेरिकी फौजेमागून आलेले युद्धवार्ताहर तो काढतील. तिथल्या सभासदांना वाटेल तेव्हा उठून जाता येईल. धुळ्यात ती सोय नाही, आणि खरं सांगायचं तर त्यामुळेच श्रोते नीट ऐकतात.

आजचे वक्ते विनोबा. वय छत्तीस. भाषा मराठी, विषय अर्जुनाचा विषाद. दर रविवारी गीतेचा एक अध्याय, असा बेत आहे. पण सवयीनं तुमची नजर वळते ती टिपणाऱ्याकडे. बत्तीस वर्षांचे गुरुजी मान खाली घालून लिहिताहेत. विनोबा दृष्टांतात शिरले की तुम्ही हात थांबवता, कारण दृष्टांताची बातमी होत नाही. गुरुजींचा हात थांबत नाही. तुम्ही मथळ्याजोगं एखादं वाक्य हेरताय; ते मात्र सगळंच घेताहेत.

हा हात तयार झालाय अमळनेरच्या वसतिगृहात. तिथं मुलांसाठी 'छात्रालय' हे दैनिक गुरुजी हातानं लिहून काढत. १९२८मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' मासिक सुरू केलं. आपल्या धंद्यात डेडलाइन पाळल्याचं कौतुक फार, म्हणून हेही सांगून ठेवतो: पुढच्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, ९ तारखेला सुरू केलेली 'श्यामची आई' हे १३ तारखेला लिहून हातावेगळी करणार आहेत.

मार्च सरतो. एप्रिल-मेचं खानदेशी ऊन, तापलेल्या भिंती, रात्रीसुद्धा वाऱ्याचा पत्ता नाही. कुणी सुटतो, कुणी नवा येतो. रविवार चुकत नाही. १९ जूनला अठरावा रविवार आणि अठरावा अध्याय. तुम्ही तुमची टिपणं चाळता तर हाती अठरा मथळे लागतात. गुरुजींच्या कागदांवर अख्खं पुस्तक उभं असतं. 'गीता प्रवचने' म्हणून घरोघरी गेलं ते हेच. पुढं भूदानाच्या पदयात्रेत ते विनोबांबरोबर गावोगाव फिरलं, अनेक भाषांत गेलं.

ते पुस्तक बातमीदाराच्या नजरेनं एकदा वाचा. 'श्यामची आई'त ज्याच्या लेखणीला पानोपानी पाझर फुटतो, तो माणूस इथं औषधालासुद्धा सापडत नाही. बोलणं विनोबांचं, लय विनोबांची, विनोदही विनोबांचा. एवढ्या हळव्या लेखकाला स्वतःला बाजूला ठेवणं किती जड गेलं असेल! आज दोन मिनिटांच्या बाइटला दहा मिनिटांचं आपलं मत जोडणाऱ्या आम्हा लोकांना ते जमेलसं वाटत नाही.

गुरुजींची आठवण आपण मातृभक्त, शिक्षक, फार तर कवी म्हणून ठेवली. वर्तमानपत्रवाला म्हणून ठेवली नाही. वास्तविक १९३८मध्ये त्यांनी अमळनेरहून 'काँग्रेस' साप्ताहिक चालवलं आणि १५ ऑगस्ट १९४८ला मुंबईत 'साधना' सुरू केलं, जे अजून निघतंय. दर ६ जानेवारीला, 'दर्पण'च्या आठवणीत, आपण पत्रकार दिन साजरा करतो. बाळशास्त्री जांभेकरांच्या प्रतिमेला हार घालतो, आणि ते योग्यच आहे. जळगाव-धुळ्याच्या पत्रकार मंडळींना एवढीच विनंती: यंदा त्या टेबलावर साने गुरुजींचाही एक फोटो ठेवा.